दुसऱ्या दिवसाची हजेरी

दुसऱ्या कडव्याला हिराबाईचा पाय मागे पडला. गणूने लगेच ढोलकीची लय उतरवली, तीही अशी बेमालूम, की ऐकणाऱ्याला वाटावं, गाणंच तसं बांधलेलं आहे.

रात्रीच्या दिव्यांत हे झाकून जायचं. पण ही दोन दिवसांच्या जत्रेतली पहिली सकाळची हजेरी होती. रात्री तमाशाच्या फडाने कितीही रंग भरो, सकाळी देवळापुढच्या उघड्या अंगणात देवासाठी नाचल्याशिवाय जत्रा पुरी व्हायची नाही, ही जुनी रीत. उन्हात सगळंच दिसतं.

"आजे, बस गो खाली! पाय मोडशील!" मुरबाडकडच्या पोरांतून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

हिराबाई हसत राहिली. बासष्ट वर्षांची बाई, पण चेहऱ्यावरचा भाव ढळू दिला नाही. नाचताना ती अर्धी गणूकडे वळलेली असे. पूर्वी अशी वळत नसे. लय चुकेल म्हणून घाबरते बिचारी, असं गणूला वाटायचं.

फडातला नेमच होता. ढोलकीवाल्याने नजर पायांवर ठेवायची, नाचणारीने कान ढोलकीवर. एक चुकला की दुसऱ्याने सावरायचं आणि त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. गणू चार वर्षं सावरत होता. आधी तोडे आखूड केले, मग दुगुण, म्हणजे दुप्पट लय, सोडून दिली. हिराबाईने कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

हजेरी संपली. राहुटीमागे हिराबाई गुडघ्यांना तेल चोळत बसली.

"दुखतात?" गणूने विचारलं.

"नाय रे. सवय." तिने वाटी पुढे केली. "उरलंय, घे. बोटांना लाव."

"माझ्या बोटांना काय धाड भरलीय?"

"थंडी आहे म्हणून म्हटलं. नको तर नको. मोठा आला लोखंडाचा!"

तो हसला. फडातल्या शकूने आणून दिलेला बशीतला चहा त्याच्या धोतरावर सांडला. "ही शकू पण काठोकाठ भरते," तो पुटपुटला. हिराबाईने पदराने धोतर टिपलं आणि विषय बदलला.

दुपारी फडमालक किशोर त्याला चिंचेखाली घेऊन गेला. किशोरच्या बापापासून गणू या फडात होता.

"गणूकाका, पोरं व्हिडिओ काढून हसतात. पुढच्या महिन्यात आटगावची जत्रा आहे, तिथले लोक विचारतात, म्हातारी येणार का म्हणून. तुमी जवळून बघता. काय करू?"

फड सुटला तर हिराबाईला मुरबाडात भाचीच्या घरची मागची खोली होती. तिथे ती पोरं सांभाळील, भांडी घाशील, आणि कोणाला सांगूनही पटणार नाही की या बाईसाठी एके काळी बैलगाड्या जुंपून माणसं यायची. हे गणूला माहीत होतं. पण सकाळचा तो हशा कानातून जात नव्हता. असं रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदाच काय ते मानाने झालेलं बरं.

"थांबव," तो म्हणाला. "तिच्याच्याने होत नाय आता."

किशोरने चमकून पाहिलं. "तुमी सांगताय, काका?"

"मीच सांगतो. चार वर्षं मी तिला ओढतोय."

"पुन्हा एकदा विचार करा."

"केलाय. माझं नाव सांग पायजे तर."

संध्याकाळी हिराबाई स्वतःच आली. समोर उकिडवी बसली.

"तू सांगितलंस?"

"हो. तुला हसलेलं बघवत नाय गो मला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याचा हात हातात घेतला, एकेक बोट सरळ केलं, आणि म्हणाली, "बरं केलंस. दमलो आपण."

दुसऱ्या दिवसाची हजेरी ही तिची शेवटची, असं किशोरने माइकवर सांगितलं. पोरांनी उगाच टाळ्या वाजवल्या. गणू ढोलकीकडे निघाला, तर तिथे साईनाथ मांडी घालून बसला होता. पंचविशीचा हा गडी एरवी साथीला दिमडी धरायचा.

"आज त्याला वाजवू दे, काका," किशोर हळूच म्हणाला. "हिराआक्काने सांगितलंय."

साईनाथने थाप मारली ती चढ्या लयीतच.

"अरे हळू!" गणू ओरडला. "तिला झेपणार नाय!"

चाळ वाजले. साईनाथने लय वाढवली, दुगुण केली. हिराबाईचा एकही पाय मागे पडला नाही. गणूने चार वर्षांत आखूड केलेला प्रत्येक तोडा तिने पुराच्या पुरा, जिथल्या तिथे उतरवला. एकदाही तिने ढोलकीकडे वळून पाहिलं नाही. हसणारी पोरं गप्प झाली. देवळाच्या पायरीवरचा म्हातारा गुरव उठून उभा राहिला.

गाणं संपलं. तिने देवाला हात जोडले, पायरीवर बसून चाळ सोडायला घेतले. साईनाथ धावत गेला. "आक्का, नका थांबू! पाया पडतो!" तिने मान हलवली.

गणूची बोटं धोतराच्या सोग्यात थरथरत होती. थंडी नव्हती. ऊन चांगलं चढलं होतं.

"किशोर," तो म्हणाला. "मग इतकी वर्षं ती..."

किशोर जमिनीकडे बघत म्हणाला, "चार वर्षांमागं तुमचा हात मागं पडायला लागला, तवाच मी साईनाथला ढोलकीवर बसवणार होतो, काका. आक्का म्हणाली, लोकं मला हसू देत, गणूच्या हाताला कोणी बोलायचं नाय. ज्या दिवशी तो आपल्या तोंडाने थांबव म्हणेल, त्या दिवशी आमी दोघं उतरू."