भट्टीतले मालक

"फंड ऑफिसचे साहेब आलेत," असं भट्टीवाल्या गेनूकाकांनी सांगताच बेकरीचे मालक तुंगारे थंड भट्टीत शिरले. पाच महिने कामगारांच्या पगारातून फंड कापून त्यांनी तो भरलाच नव्हता.

आतल्या राखेत बसून त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"मालक बाहेर गेलेत," गेनूकाका म्हणाले.

"आल्यावर सांगा," साहेब म्हणाले, "व्याज आणि दंड लागेलच. शिवाय कापलेला फंड भरला नाही म्हणून पोलीस केसही होऊ शकते."

भट्टीत तुंगाऱ्यांना हुडहुडी भरली.

साहेब खुर्चीत बसले. "थांबतो मी. गरम खारी मिळेल?"

"मिळेल की. भट्टी पेटवायचीच वेळ झालीय." गेनूकाकांनी लाकडं आत सरकवली, काडी ओढली आणि वाकून विचारलं, "शेठ, आमचा फंड कधी भरताय?"

"आजच," भट्टी म्हणाली.

साहेबांनी ते लिहून घेतलं.