बिनमातीचा पालक

लिंगायत रीतीप्रमाणे भीमाप्पांना मातीत बसवून आल्यापासून त्यांच्या बायकोला, अक्काताईंना, अन्न जाईना. "ज्या मातीत तुझा बा हाय, तितलं उगवल्यालं मी कसं गिळू रं?" असं त्या मुलाला, श्रीशैलला, विचारायच्या आणि नुसत्या दुधावर राहायच्या.

शेवटी श्रीशैलनं शाहूपुरीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत पाण्यावर पालक लावला. वीतभर खोल टब, भोकं पाडलेलं थर्माकोलचं झाकण, पाण्यात विरघळणारं खत आणि माशांच्या टाकीचा पंप. पालक तरारला. अक्काताई भाजीचा घास खाऊ लागल्या.

मग एका सकाळी टबाच्या तळाशी काळी माती दिसली.

"कुंडीतली पडली असंल की," बायको सौंदर्या म्हणाली.

"कुंडी हाय कुठं आपल्यात?"

त्यानं टब घासून पाणी बदललं, वर कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी माती वाढलेली. आईला कळलं तर ती पुन्हा उपाशी राहील, म्हणून तो रोज गुपचूप माती उपसू लागला.

आज आई आत जेवत असताना त्यानं टबात हात घातला. हात कोपरापर्यंत ओल्या मातीत गेला, मग खांद्यापर्यंत. तळ लागेना.

मागं पाऊल वाजलं. दारात अक्काताई उभ्या होत्या, शांतपणे घास चावत.

"घाबरू नको रं," त्या म्हणाल्या. "आजून जरा खाली घाल हात. आता हाताला गावतील त्ये."