शिबिराची आठवण

“मन्ही सून येणार नही,” आक्काबाई दारात आडवी उभी राहून म्हणाली.

सुनंदाबाईंनी खांद्यावरची पिशवी ओट्यावर ठेवली. एरंडोलजवळच्या त्या गावात त्या नर्स होत्या. दर चार महिन्यांनी जळगावचे डॉक्टर एरंडोलला शिबिर घ्यायचे आणि बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी व्हायची. कॅन्सर लवकर सापडला तर बाई वाचते, एवढी साधी गोष्ट. पण ती काही दवंडी पिटून सांगण्यासारखी नव्हती. म्हणून सुनंदाबाई घरोघर जाऊन सांगत आणि शिबिराच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण करून देत.

“दुखत नही तं दखाडानं काय?” बायका सुरुवातीला म्हणत.

“दुखायला लागल्यावर उशीर होतो. म्हणून आधी दाखवायचं.”

ऐकून ऐकून बायका येऊ लागल्या होत्या. हे एक घर तेवढं दाद देत नव्हतं.

“आक्का, मागच्या खेपेलाही तुम्ही नाहीच म्हणालात.”

“तिनं धुळेना डॉक्टरनं औषध चालू शे. आंगमा रक्त कमी शे.”

“त्या रक्ताच्या गोळ्या. ही तपासणी वेगळी.”

“घरमा बठ्ठं काम पडेल शे, बाई. जा तुम्ही.”

आतल्या दाराशी लिला उभी होती. तिशीची, सडपातळ. तिने नर्सबाईंकडे पाहून हलकेच हसल्यासारखं केलं. सासूने मागे वळून पाहताच ती आत गेली.

गावात आक्काबाईचं नाव फारसं चांगलं निघत नसे. म्हातारीने सुनेला कोंडून ठेवलंय, असं विहिरीवर बायका बोलत. पाणी म्हातारी स्वतः आणी. कापूस वेचायलाही स्वतःच जाई, सुनेला शेताकडे फिरकू देत नसे. मुलगा भाईदास सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. त्याला ती “मी आजारी आहे” असे निरोप धाडून दर महिन्याला बोलावून घेई. प्रत्यक्षात म्हातारी लाकडासारखी टणक होती. सुनेवर पाळत ठेवायला तिच्या नवऱ्याला बोलावते, असं सगळ्यांचं मत होतं. सुनंदाबाईंचंही.

त्या दिवशी त्या हात हलवत परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.च्या थांब्यावर शिबिराला निघालेल्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “आक्काबाई आज पारोळ्याला गेली. भाऊबंदात कोणी वारलंय. संध्याकाळशिवाय येत नाही.”

सुनंदाबाई तशाच मागे वळल्या.

लिला अंगणात ऊन खात बसली होती. “चल,” सुनंदाबाई म्हणाल्या, “दुपारपर्यंत परत आणून सोडते.”

“आत्याबाई वरडतीन.”

“त्यांचं मी बघते.”

लिलाने रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग आत जाऊन नवं पातळ नेसून आली. किती तरी महिन्यांनी ती गावाबाहेर पडत होती. एस.टी.त खिडकीशी बसून तिने वाटेतलं प्रत्येक शेत बघून घेतलं. कोणाची केळी, कोणाचा कापूस, विचारत राहिली. सुनंदाबाईंना मनातून फार बरं वाटलं.

तपासणीच्या खोलीतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सुनंदाबाईंना बाजूला घेतलं.

“पार पसरलंय. आता मुंबईला नेऊनही उपयोग नाही. इतके दिवस हिला घरी का बसवलं?”

मागच्या शिबिराला आणली असती तर, त्याच्या मागच्या शिबिराला आणली असती तर, एवढंच सुनंदाबाईंच्या डोक्यात फिरत राहिलं.

परतीच्या गाडीत बाकीच्या बायका पुढे बसल्या होत्या. लिलाने हळूच विचारलं, “बाई, काय निंघनं?”

सुनंदाबाई आजवर कुठल्याही बाईशी खोटं बोलल्या नव्हत्या. जिचं शरीर तिला कळलंच पाहिजे, असं त्या मानत. त्यांनी लिलाचा हात हातात घेतला आणि जेवढं सांगता येईल तेवढ्या मऊपणाने सगळं सांगितलं.

लिला रडली नाही. हात तसाच राहू दिला तिने. खिडकी मात्र उघडी होती तरी तिने पुन्हा बाहेर पाहिलं नाही.

“आखाजीना सणले माहेर जानं व्हतं माले,” एवढंच ती म्हणाली.

गाडी गावात आली तर थांब्यावर आक्काबाई उभी. पारोळ्याहून लवकर परतली होती, घर रिकामं बघून धावत आली होती. पायात चपला नव्हत्या. लिला खाली उतरली, सासूच्या तोंडाकडे न बघता घराच्या वाटेला लागली.

आक्काबाई तिच्यामागे निघाली. सुनंदाबाईंनी तिचा दंड धरला. दिवसभर कोंडलेलं सगळं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

“कॅन्सर निघालाय तिला! शेवटच्या टप्प्याचा! किती वेळा आले मी तुमच्या दारात? किती वेळा आठवण केली? एकदा पाठवलं असतंत तर काही तरी करता आलं असतं. कुठल्या जन्माचं वैर होतं तुमचं त्या पोरीशी?”

बायका गोळा झाल्या. आक्काबाईची नजर दूर जाणाऱ्या लिलाच्या पाठीवर होती.

“बाई,” तिने खालच्या आवाजात विचारलं, “तिले सांगी टाकं का तुम्ही?”

“सांगितलं. सांगायलाच हवं होतं.”

आक्काबाईने आपला दंड सोडवून घेतला.

“धुळेना डॉक्टरनी ‘आते इलाज नही’ असं माले सांगाले वरीस व्हई गयं,” ती म्हणाली. “तिले तेवढं कळू दिधं नव्हतं मी.”