फक्त एक सही

नरपती घिमिरेंना ऐन उमेदीत सैनिकांनी भूतानमधून हाकललं, तेव्हापासून ते कुठल्याच देशाचे नव्हते. पुढची वर्षं नेपाळमधल्या छावणीत गेली आणि म्हातारपणी ते मुलीबरोबर अमेरिकेत, ओहायोला आले. नागरिकत्वासाठी इंग्रजीची आणि राज्यकारभाराची परीक्षा द्यायची होती, पण त्यांना आताशा सकाळी जेवलो की नाही हेही आठवत नसे. शेवटी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचा दाखला दिला आणि परीक्षेतून सूट मिळाली.

मुलाखत घेणारा अधिकारी भला माणूस होता. दुभाष्यामार्फत तो म्हणाला, "आजोबा, परीक्षा-बिरीक्षा काही नाही. इथे फक्त एक सही करा, की झालात तुम्ही आमचे."

पवित्रानं वडिलांच्या हातात पेन दिलं. "करा ना बाबा. आता आपल्याला कुणी घालवून देणार नाही."

नरपतींनी कागदाकडे पाहिलं, मग टेबलापलीकडच्या साहेबाकडे. पेन खाली ठेवून त्यांनी हात जोडले.



"स्वखुशीनं देश सोडतोय, असं लिहून देतो साहेब. फक्त आजचा दिवस राहू द्या. माझी पवित्रा तापानं फणफणलीय हो."