डावं की उजवं

"आज चुकलास तर मी चाललो," लोनी म्हणाला. "सरळ बापाच्या टायरच्या दुकानात. तिथे टायर गोल आहे की नाही एवढंच बघायचं असतं."

"जा ना लेका, अडवलंय कोणी?" ग्रेडी म्हणाला.

गेल्या वर्षी ग्रेडीने त्यांच्या यूट्यूब चॅनलवर एका ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चित्र उमटवणाऱ्या कार्डाला, छातीठोकपणे पहिला नंबर दिला. आठवड्याभरात ते कार्ड सगळीकडे शेवटून पहिलं आलं. तेव्हापासून बघणारे त्याला 'आंधळा ग्रेडी' म्हणायचे. निम्मे तर सोडूनच गेले. आणखी एकदा नजर चुकली की चॅनल बुडालं, आणि लोनीही हातचा गेला. बारा वर्षांचा दोस्त! त्याच्याशिवाय ग्रेडीला दोघांच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं कुलूपसुद्धा धड उघडता यायचं नाही.

टेबलावर आज दोन कार्डं होती, अजून बाजारातही न आलेली. विटेएवढी जड. उद्या सकाळी नऊपर्यंत कोणी त्यांच्याबद्दल ब्र काढायचा नाही अशी कंपन्यांची अट. दोन्हींतलं सरस कुठलं, ते ग्रेडीने नुसतं बघून सांगायचं. कुठलं कार्ड कुठल्या मशीनमध्ये, ते फक्त लोनीला ठाऊक.

नेहमीच्या व्हिडिओ गेमवर अशी परीक्षा घेण्यात अर्थ नसतो. कंपन्या कार्डांकडून त्यांची आधीच घोकंपट्टी करून घेतात. म्हणून लोनीने कॉम्प्युटरवर स्वतःचाच देखावा रचला होता. त्यांच्याच दुकानाची मागची खोली, स्क्रू-खिळ्यांसकट, छताच्या कोपऱ्यातून दिसते तशी. मधोमध बसलेला लोनी. तोंडं बांधलेले चोर घुसतात आणि त्याला मारतात. किती चोर, काय मार, ते दर खेपेला वेगळं, मशीनच्या मर्जीने. ग्रेडीने आपल्या दोस्ताला चाळीसएक वेळा मरताना पाहिलं होतं, कधीकधी बर्गर खाता खाता.

"स्वतःलाच कशाला मारून घेतोस रे?"

"तुझं थोबाड घातलं असतं, पण तू मरताना लोक टाळ्या वाजवतील. मग रक्ताकडे कोण बघणार?"

लोनी कार्डं घेऊन मागच्या खोलीत, मशीनांपाशी गेला आणि मधलं दार ओढून घेतलं. पंख्याच्या आवाजावरून कार्ड ओळखू येतं, म्हणून ग्रेडीने जाडजूड हेडफोन चढवले आणि त्यात समुद्राची गाज लावली. समोर दोन पडदे. डावा नवा कोरा, उजवा रोजचा, मागच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र बघायचा. दोन मशीनच्या तारा लोनीने दोन्हींना जोडून दिल्या होत्या.

देखावा सुरू झाला. दोन्हीकडे चोर घुसले. डावीकडे तिघांनी लोनीचा हात टेबलावर दाबून धरला आणि हातोड्याने बोटं ठेचली. उजवीकडे दोघांनी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. दातांचा चुरा उडाला. ग्रेडीने सावल्या पाहिल्या, घाम पाहिला, रक्ताची चकाकी पाहिली.

काडीचा फरक नाही!

त्याच्या कपाळाला खरा घाम फुटला. पाच मिनिटं झाली, सात झाली. डावा लोनी मरून पुन्हा उठला, उजवाही. दोन्हींची सफाई तंतोतंत सारखी. गेलं चॅनल, गेला दोस्त, आता आयुष्यभर आंधळा ग्रेडी, असं त्याच्या मनात आलं.

मग उजवा पडदा एकदम काळा झाला, आणि क्षणात परत आला.

'उजव्याला उचकी लागली', ग्रेडीने वहीत लिहिलं. आणि बघतो तर काय, फरकच फरक! चित्र दाणेदार झालेलं. कार्डाला दम लागला की सावल्यांत असेच दाणे पडतात. उजेड मेलेला. दोनच चोर, एक उंच, एक ठेंगणा. एक मशीन जमिनीवर आडवं, आणि लोनी दुसऱ्या मशीनला मिठी मारून बसलेला.

"मिठी काय मारतोय गाढव!" ग्रेडी हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

उंच चोराने पहार उचलून लोनीच्या पाठीत घातली. लोनी सुटेना. दुसरा घाव खांद्यावर बसला. हात लुळा पडला, तरी दुसऱ्या हाताने धरलेलं मशीन त्याने सोडलं नाही. 'हालचाल अडखळती. रक्त काळपट, डांबरासारखं', ग्रेडीने लिहिलं. तिसरा घाव डोक्यात. लोनी घसरला, उताणा झाला आणि वर बघायला लागला, थेट ग्रेडीकडे. त्याचे ओठ हलत होते. 'मरणारा माणूस कधी कॅमेऱ्याकडे बघतो का? सपशेल खोटं. दोन गुण वजा.'

ठेंगण्याने तोंडावर बूट ठेवला आणि दाबला. ओठ हलायचे थांबले. उंच चोर दुसरं मशीन उघडू लागला. थोड्याच वेळात डावा पडदाही काळा पडला, आणि त्यावर नुसतं 'सिग्नल नाही' उरलं.

लोनीने आवरलं वाटतं. ग्रेडीने माइक जवळ ओढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज असा खणखणीत लागला होता.

"मंडळी, यात शंकाच नाही. डावं ते डावं! डावीकडचं मरण बघून अंगावर काटा येतो. उजवीकडचं? अहो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं याच्यापेक्षा बरी मरतात. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवा."

उजवा पडदा अजून चालूच होता. चोर निघून गेले होते. लोनी पडलेला. इतक्यात पडद्यावरच्या मागच्या दारातून एक बाई आत आली. शेजारी नखं रंगवायचं दुकान चालवणारी मिसेस थुई! हातात झाडू, ॲप्रन तसाच.

"साल्याने हिलाही घातलं!" ग्रेडी टेबल बडवून हसला.

मिसेस थुईने झाडू टाकला. दोन्ही हात तोंडावर धरले. मग ती लोनीला ओलांडून धावली, पडद्यावरचं मधलं दार तिने ढकललं, आणि ग्रेडीच्या पाठीमागचं दार उघडलं.