चार बोटं कापड

वंदनाने पारड्यात किलोचं वजन टाकलं. पिशवीचं पारडं जागचं हललं नाही. शेजारच्या किराणा दुकानातून मागून आणलेला तराजू. किलोवर तिने शंभराचं वजन चढवलं, तेव्हा कुठे काटा सरळ उभा राहिला.

"अकराशे," प्रणय म्हणाला. "अजून दोनशे जास्त."

धर्माने गळ्यातली टेप काढली आणि उगाच पुन्हा गळ्यात घातली. शहापूरच्या बाजारात बावीस वर्षं तो शाळेचे गणवेश शिवत होता. त्याचं शिवण कुणी तोलून घेतलं नव्हतं. पण प्रणयचं सगळंच तोललेलं. माहुली चढताना पाठीवर भार नको म्हणून हा डोंबिवलीकर दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापून आणतो, हे त्याच्या होणाऱ्या बायकोने, कुणालीनेच सांगितलं होतं. त्याला डोंगर चढणाऱ्यांसाठी झोपायची पिशवी हवी होती. रात्री आत शिरून झोपायचं, पावसात तीच डोक्यावरून पांघरायची, कुणाचा पाय मुरगळला तर दोन काठ्या घालून तिचीच डोली करायची. आणि एवढं सगळं नऊशे ग्रॅममध्ये. जमलं तर त्याच्या गिर्यारोहण क्लबच्या चाळीस पिशव्या धर्माच्या.

चाळीस पिशव्या म्हणजे अख्खा हिवाळा घरी. एरवी जूनचे गणवेश संपले की मशीनवर चादर पडायची आणि तो भिवंडीच्या गोदामात गाठोडी उचलायला जायचा. यंदा जाणार नाय, असं तो बायकोला, वंदनाला, दसऱ्यालाच सांगून बसला होता.

पहिली पिशवी तेराशे भरली, दुसरी बाराशे, ही तिसरी अकराशे. खिसा गेला, बटणं गेली, चेन बारीक झाली. आता उडवायला काही उरलं नव्हतं.

वंदना चिवट. तिने पिशवी उलटी केली. सहा पट्ट्यांची पिशवी, सहा जोड. प्रत्येक जोडाला आतून, दोन्ही अंगांनी, चार-चार बोटं कापड दुमडून टाचलेलं.

"अवो, हे काय?"

धर्माचे कान तापले. बावीस वर्षांत एकाही आईने त्याच्याकडून अंगाच्या नेमक्या मापाचा गणवेश घेतला नव्हता. आत चार बोटं ठेवायची, पोर वाढलं की उसवायचं, तोच शर्ट दोन वर्षं चालवायचा. हात आपले आपणच ते करून मोकळे झाले होते.

"वाढत्या अंगाचं ठेवलं गेलं," तो पुटपुटला.

"साहेब बत्तीस वर्षांचे हायत. आता कुठं वाढणार?"

कुणाली फिसकन हसली. प्रणय हसला नाही. तो जोड चाचपत होता. हे सगळं उसवलं तर घेर किती वाढेल, असं त्याने विचारलं.

धर्माने बोटं मोजली. "पावणेतीन फूट. अजून एक माणूस मावंल."

प्रणयचे ओठ हलू लागले. दोन पिशव्या अठराशे. दोघांत एक, अकराशे. "कुणाली," तो भर दुकानात आनंदाने म्हणाला, "लग्नानंतर सातशे ग्रॅम वाचले!"

कुणालीने ओढणीत तोंड लपवलं. वंदनाने रिळांच्या कपाटाकडे पाठ वळवून हसून घेतलं. चाळीस पिशव्या आत कापड न ठेवता, नऊशेच्या शिवायच्या आणि एक नवी, रुंद, त्या दोघांची, असं तिथेच ठरलं.

आठ दिवसांनी दोघं आले. धर्माने रुंद पिशवी तराजूत ठेवली. अकराशेला पारडं हललं नाही. तेराशेला काटा उभा राहिला.

"मास्तर, पुन्हा?" प्रणयने पिशवी उलटी केली. प्रत्येक जोडाला आत चार-चार बोटं.

"सवय, साहेब. आत्ता कापून टाकतो," म्हणत धर्माने कात्री उचलली.

कुणालीने पिशवी ओढून मांडीवर घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "फक्त उसवायचं कुठून, तेवढं दाखवून ठेवा."