अट संपल्यावर

"अण्णा, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

अंबिकानं एकदाचं म्हणून टाकलं. भलीभली गणितं बसल्या जागी सोडवणाऱ्या या पोरीला एवढं एक वाक्य तोंडातून काढायला तीन आठवडे लागले. आता काय म्हणावं!

अंबिका चौदा वर्षांची. नांदेडला विद्यापीठात, गणिताच्या वर्गात, वीस-एकवीस वर्षांच्या पोरापोरींत बसायची. खास परवानगी निघाली तेव्हा पत्रात एक अट होती. पहिलं सत्र पालकानं आवारात थांबावं. म्हणून तिच्या बापानं, व्यंकटनं, रेणापूरची जनावरं भावाच्या गळ्यात घातली, नांदेडात एक खोली केली आणि रोज लेकीसोबत येऊन इमारतीसमोरच्या कडुनिंबाखाली बसू लागला. पायजमा, पांढरी टोपी, मांडीवर डबा. दिवाळीला सत्र संपलं. अटही संपली. व्यंकट काही उठला नाही.

अंबिकाला त्याची लाज वाटायची. लाज वाटते याचं वाईटही वाटायचं. मधल्या सुट्टीत ती खाली जायचीच नाही, वाचनालयात बसून राहायची. सहा महिन्यांत तिला एक मैत्रीण मिळाली नव्हती. पोरं अडलेलं गणित घेऊन यायची, उत्तर घेऊन जायची. चहाला चल असं कुणी म्हणायचं नाही. बाप राखणीला बसलेला दिसल्यावर कोण कशाला म्हणेल? बाप उठला की आपण मोठ्या झालो, असं तिनं पक्कं धरलं होतं.

व्यंकटनं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"बरं," तो म्हणाला. "तुला आवडून न्हाई राहिलं तर न्हाई येत."

त्याचा चेहरा इतका उतरला, की शब्द परत घ्यावेत असं तिला वाटलं. तिनं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. जिन्यातच रिजवाननं थांबवलं. वर्गातला सगळ्यात उंच पोरगा, तिच्याशी कधी न बोललेला.

"अण्णा कुठं हायत?"

"घरी."

"तब्येत बरी हाय ना त्यांची?"

"हाव."

तो गेला. मग अर्शी आली, हातात बरणी. "अम्मीनं अण्णांसाठी लोणचं दिलंय. आले न्हाईत?" उमाशंकर तर तिच्यावर रुसल्यासारखाच बोलला. "आज माझी तोंडी परीक्षा हाय. त्यांच्यापाशी पाच मिनटं बसलो की जिवाला लई बरं वाटतं."

सुट्टीत अंबिका पहिल्यांदा खाली उतरली. कडुनिंबाखाली सात-आठ जण डबे घेऊन उभे होते. बसावं की जावं, त्यांना कळत नव्हतं. यांतल्या प्रत्येकाचं गाव, घरची माणसं, पोटातली भीती तिच्या बापाला ठाऊक होती. तिला त्यांचे फक्त हजेरी क्रमांक पाठ होते.

ती बाजूला गेली आणि फोन लावला.

"अण्णा, उद्या एक दिवस या."

"का गं? कुणी काही बोललं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "माझी ह्यांच्याशी ओळख करून द्या."